तिसऱ्या खांबापर्यंत

माझ्या धाकट्या भावाला लोक ‘थांबा’ म्हणतात. पाठीमागे म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही, कारण त्याच्या मागे मी उभा आहे. मी सातवीपर्यंतच शिकलो, पण गाडीच्या सीटा शिवायच्या तर माझ्याकडेच, हे इथला कुठलाही ड्रायव्हर सांगेल. रोपवेच्या दोन्ही पाळण्यांतली बाकं माझ्या हातची आहेत. बारा वर्षं झाली. एक टाका उसवलेला दाखवा आणि माझं दुकान घेऊन जा.

तर हा भाऊ रोपवेवर आहे. लोकांना सांगताना मी सांगतो की रोपवे तोच चालवतो. तसं पाहिलं तर दांडा ओढणारा वेगळा, तिकिटं देणारी वेगळी, आणि सगळ्यांच्या वर मॅनेजर, त्याला टाय आहे. पण माझा भाऊ ‘थांबा’ म्हणाला की दांडा थांबतो, तिकिटं थांबतात आणि टायसुद्धा थांबतो. मग चालवतो कोण, तुम्हीच सांगा.

त्याची खोली खालच्या स्टेशनात, तिकिटाच्या खिडकीमागे. एक टेबल, एक टेलिफोन, एक माईक, डोंगराच्या बाजूला मोठी काच. टेबलावर एक काटा. वर जायच्या वाटेवर पाच खांब आहेत, त्यातल्या तिसऱ्यावर वारा मोजायचं यंत्र बसवलंय, त्याचा हा काटा. चाळिसावर लाल रेघ. काटा तिथं पोचला की पाळणे बंद. दर पंधरा मिनिटांनी हा वहीत वारा लिहितो. बावीस वर्षं लिहितोय. वह्यांचं कपाट भरलं, आता खुर्चीखाली ठेवतो. त्याला तुम्ही कुठलाही महिना सांगा, कुठली वेळ सांगा, वारा कसा असेल ते तो तोंडपाठ सांगतो. स्वतःच्या लग्नाची तारीख विचारली तर मात्र बायकोकडे बघतो.

आणि एक पट्टी आहे. काट्यावर त्याचा पूर्ण भरवसा नाही. यंत्र कधी गंजतं, कधी त्यात पक्षी काड्या घालतो. म्हणून त्यानं तिसऱ्या खांबाला माझ्या दुकानातली रेक्झिनची पट्टी बांधलीय, केशरी, हातभर लांब, चार बोटं रुंद. दुर्बिणीतून ती बघत बसतो. कापडाची पट्टी झुळुकीलाही नाचते. रेक्झिन जड, ते उगाच हलत नाही. ते उचललं म्हणजे मागून खरा वारा येतोय. ही अक्कल माझी. मीच त्याला म्हटलं होतं, कापड नको, रेक्झिन ने. या पट्टीचं पुढे काय झालं ते येईलच.

आता आत्या. आमची आई लवकर गेली. मी तेव्हा अकरा वर्षांचा, हा दोनचा. वडिलांच्या बहिणीनं, म्हणजे आत्यानं, आम्हाला वाढवलं. स्वतःचा एक मुलगा होता, त्यात आम्ही दोन. ती मला मोठ्या म्हणते आणि याला धाकट्या, अजूनही, माझ्या सुनेसमोरसुद्धा. रोपवे बांधत होते तेव्हा आत्या कामगारांचे डबे करायची. नुसते करायची नाही, पोचवायची. पायथ्यापासून तिसऱ्या खांबापर्यंत पायवाट होती. दोन्ही खांद्यांना डबे अडकवून ती रोज दीड तास चढायची. तिसऱ्या खांबाच्या पुढे मात्र सरळ खडक. तिथं दोर बांधलेले गडीच जायचे. तर खडकात एक लोखंडी कडी ठोकलेली होती, तिच्यातून दोर सोडलेला. आत्या त्या दोराला डबे बांधायची आणि वरचे लोक ओढून घ्यायचे. डबे हलत हलत वर जायचे आणि ती मान वर करून बघत उभी राहायची. संध्याकाळी घरी येऊन सांगायची की वरचे गडी म्हणतात, वरून नदीची दोन वळणं दिसतात आणि आभाळ धुतलेलं असलं की समुद्राची रेघ दिसते. दोन वर्षं तिनं डबे पोचवले. वर कधी गेली नाही.

तुम्ही म्हणाल, रोपवे सुरू होऊन बेचाळीस वर्षं झाली, मग इतके दिवस काय करत होती? हेच. दारातली गोष्ट आहे, कधीही जाता येईल, म्हणून राहिली. आधी तिचं म्हणणं, सगळे मिळून जाऊ. मग आतोबांचं आजारपण. मग धाकटा तिथंच नोकरीला लागला, तर म्हणाली, आता काय, घरचाच रोपवे. मग गुडघे. आणि या वर्षी माझ्या आतेभावाचा फोन आला की आईला मी माझ्याकडे कायमची घेऊन जातोय. तो राहतो विमानानं सात तासांवर. कागदपत्रं झाली, तारीख ठरली. तीन आठवडे उरले. आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची. परत यायची गोष्ट कुणी काढली नाही, म्हणजे सगळ्यांना कळलं होतं.

मी विचारलं, आत्या, जायच्या आधी काय पाहिजे ते माग. वाटलं, भारीतली बॅग मागेल. ती म्हणाली, “मला एकदा वर ने. माझे डबे जाऊन आले, मी नाही गेले.”

मी म्हटलं, एवढंच? अगं, रोपवे आपल्या खिशात आहे.

त्याच दिवशी मी धाकट्याच्या खोलीत गेलो आणि फर्मावलं की रविवारी अकरा वाजता आत्याला वर न्यायचंय, पाळणा तयार ठेव. तो वहीतून मान वर न काढता म्हणाला की या दिवसांत साडेनऊनंतर वारा उठतो, सकाळी सातचा पहिला पाळणा धर. मी म्हटलं, सात वाजता दूधवाले फिरतात. आत्याला काय मी दुधासारखी वर पोचवू? तिला नटूदे, चार माणसं बरोबर असूदेत, गल्लीला कळूदे कोण कुणाला कुठं घेऊन चाललंय. तो म्हणाला, “दादा, सातला ये.” मी म्हटलं, अकरा. मी थोरला आहे. बावीस वर्षांच्या वह्या असतील तुझ्याकडे, मी तुझ्यापेक्षा नऊ वर्षं जास्त वारा खाल्लाय.

रविवारी आम्ही अकरा जण गेलो. आत्यानं नवी चप्पल घातली होती. माझ्या बायकोनं सगळ्यांसाठी खाणं बांधून घेतलं होतं, सतरंजी घेतली होती. आम्ही तिकिटाच्या खिडकीशी पोचलो आणि माईकवर माझ्या सख्ख्या भावाचा आवाज आला, “थांबा. वारा आहे.” तासानं पुन्हा, “थांबा.” अडीच वाजेपर्यंत बसलो. डोंगरावर बसून खायचं ते आम्ही प्रतीक्षागृहातल्या बाकावर बसून खाल्लं, समोर भिंतीवर रोपवेचं पोस्टर. आत्या पोस्टरच बघत होती. म्हणाली, चांगलं काढलंय. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मग मी जे केलं ते सांगायला मला आवडत नाही, पण अर्धं सांगणाऱ्यातला मी नाही. बुधवारी दुपारी आत्याला रिक्षात घातली आणि तडक मॅनेजरकडे गेलो. त्याच्या गाडीच्या सीटा मीच केल्यात, तेव्हा ओळख आहे. त्याला म्हटलं, साहेब, एक फेरी, एक म्हातारी बाई, काटा बघा, जेमतेम बेचाळीस आहे, दोनानं काय होतं? मॅनेजरलाही वाटलं की दोनानं काय होतं. तो उठला, टाय सरळ केला आणि मला घेऊन धाकट्याच्या खोलीत शिरला. म्हणाला, एक फेरी सोडून द्या, घरचीच माणसं आहेत.

धाकट्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. उठला, खुर्ची मागे सरकवली, वही मॅनेजरच्या पुढे ठेवली आणि पेनाचं टोपण काढून दिलं. म्हणाला, “साहेब, बसा इथं. वारा लिहा, खाली सही करा, आणि सोडा.”

मॅनेजरनं खुर्चीकडे पाहिलं. मग त्याला कुठलासा फोन करायचा आठवला.

मॅनेजर बाहेर गेल्यावर मी धाकट्याला जे बोललो ते छापण्यासारखं नाही. जिनं तुला दोन वर्षांचा असल्यापासून कडेवर वागवलं, तिच्यासाठी तुझ्याच्यानं दोन आकडे होत नाहीत? लोक तुला थांबा म्हणतात ते खोटं नाही. नुसता खांब आहेस तू, सहावा. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, “दादा, बाकं कुणी शिवली?”

मी गप्प झालो. याचं काय ते तुम्हाला सांगायला हवं.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा पट्टी नव्हती, नुसता काटा होता. एका कंपनीची माणसं सहलीला आली होती, घाईत होती, आणि याच्यावर सगळ्यांनी मिळून जोर केला. काटा रेघेच्या आत होता, यानं सोडलं. पाळणा तिसऱ्या आणि चौथ्या खांबांच्या मधे गेला. तिथं दोर सगळ्यात लांब आहे, खाली दरी. तिथंच वाऱ्यानं आडवा धरला. दोन तास पन्नास मिनिटं तो पाळणा तिथं झोके खात लटकला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. सगळे सुखरूप उतरले, काही जण तर हसत उतरले. पण एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांचे हात बाकाला धरलेले ते सुटेनात. एकेक बोट सोडवावं लागलं. नंतर ती बाकं माझ्याकडे मढवायला आली. जुनं रेक्झिन मी स्वतः उतरवलं. कडेकडेनं सगळीकडे नखं रुतल्याच्या खुणा होत्या, आतला फोमसुद्धा फाटला होता. मी इतकी वर्षं सीटा उतरवतोय, उंदरांनी कुरतडलेल्या पाहिल्यात, जळलेल्या पाहिल्यात. तशा खुणा पाहिल्या नाहीत. धाकटा तेव्हा तीन दिवस घरात कुणाशी बोलला नाही. चौथ्या दिवशी दुकानात आला आणि पट्टीला कापड मागू लागला. तेव्हा मी त्याला रेक्झिन दिलं.

तर ती बाकं मी शिवलीत. म्हणून मी गप्प झालो. पण राग काही गेला नाही. राग वेगळा आणि समजणं वेगळं, दोन्ही एका डोक्यात राहू शकतात, माझं डोकं मोठं आहे.

पुढे चार दिवस दोर तपासणीसाठी पाळणे बंद. मग दोन दिवस असं धुकं की समोरचं दुकान दिसेना. आत्यानं एकेक वस्तू बांधायला घेतली होती आणि चप्पल मात्र दाराशी ठेवली होती, नवी, रविवारचीच. येता-जाता ती चप्पल माझ्या डोळ्यांत खुपायची. शेवटी मी मान खाली घातली. धाकट्याला निरोप पाठवला की शनिवारी सातला येतो. स्वतः गेलो नाही, बायकोला पाठवलं. थोरल्यानं किती वाकायचं त्याला काही माप आहे.

शनिवारी सकाळी पावणेसातला आम्ही हजर. आभाळ काचेसारखं. झाडाचं पान हलत नव्हतं. धाकट्याचा रिकामा पाळणा तपासणीला वर जाऊन खाली आला होता. त्यानं काचेतून मला हात केला, या म्हणून. तो माणूस आयुष्यात कुणाला या म्हणत नाही. आणि मी त्याला हातानंच सांगितलं, जरा थांब.

कारण माझे व्याही यायचे होते. मुलीचे सासरे. त्यांचं घड्याळांचं दुकान आहे, आणि त्या दुकानापुढे माझं दुकान ते हसण्यावारी नेतात, हे मी पाच वर्षं सोसतोय. मला त्यांना दाखवायचं होतं की माझ्या एका शब्दावर पाळणा सुटतो. बायको म्हणाली, अहो, आत्याला बसवून घ्या, ते येतील पुढच्या फेरीला. मी म्हटलं, पाचच मिनिटं. ते निघालेत. दुसऱ्यांदा धाकट्यानं हात केला. पाळणा तीन परक्या माणसांना घेऊन वर गेला. परत आला. पुन्हा गेला. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस पन्नास मिनिटं उशिरा उगवला आणि वर म्हणाला, रस्त्यात गाडीत हवा भरली.

आम्ही दारातून आत पाय ठेवणार एवढ्यात माईक बोलला. “थांबा.”

वहीत त्या महिन्यातल्या कुठल्याही दिवशी आठच्या आत वारा उठल्याची नोंद नव्हती, हे धाकट्यानं मला नंतर दाखवलं. त्याच दिवशी उठला. ही चूक माझी. मी लिहूनच ठेवतो, म्हणजे कुणी विचारायला नको. व्याह्यांनी वर माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, असू द्या हो, तुमच्या हातात थोडंच आहे. ते ऐकून मला जे झालं ते माझं मला माहीत.

आत्या परतीच्या वाटेवर रिक्षात म्हणाली, मोठ्या, राहू दे आता. पोस्टर पाहिलं की मी. मी म्हटलं, आत्या, पोस्टरचं नाव काढलंस तर मी रिक्षातून उडी मारीन.

जायचा दिवस मंगळवार. दहा वाजता टॅक्सी येणार, तीन तास रस्ता, मग विमान. सोमवारी संध्याकाळी मी धाकट्याकडे स्वतः गेलो. बायकोला नाही पाठवलं. म्हटलं, उद्या शेवटचं. तू सांगशील तेव्हा येतो. त्यानं वही उघडली, पानं मागे उलटली आणि म्हणाला, सहा पन्नासला दारात उभे राहा. कुणाला बरोबर आणू नकोस.

आम्ही तिघंच गेलो. आत्या, मी आणि माझी बायको. पाळण्यात आणखी पाच-सहा माणसं होती आणि दाराशी उभा राहणारा गडी, त्याच्याजवळ खाली बोलायचा फोन. आत्याला मी खिडकीशी बसवलं, माझ्या हातच्या बाकावर. तिनं बाकावरून हात फिरवला आणि म्हणाली, टाके बारीक आहेत. आयुष्यात मला पुष्कळांनी शाबासकी दिली, पण ही मी जपून ठेवलीय.

पाळणा सुटला. पहिला खांब. पायवाट दिसायला लागली, गवतात बुजलेली, पण आत्याला सगळी दिसत होती. इथं दम खायचे, म्हणाली, इथं एकदा पाय घसरला, डबे वाचवले आणि गुडघा फुटला. दुसरा खांब. तिनं खिडकीची कड धरली होती. मी खाली गाव बघत होतो, माझ्या दुकानाचा पत्रा शोधत होतो, आणि मनात म्हणत होतो, बघा, शेवटी कुणी आणलं. तिसरा खांब जवळ आला. पाळणा हळू झाला. आणखी हळू झाला. आणि खांबाच्या अलीकडे थांबला.

वर लावलेल्या भोंग्यातून आवाज आला. “थांबतोय. बसून घ्या. खाली परत घेतोय.”

मी उठलो आणि त्या गड्याच्या हातातून फोन ओढून घेतला. विचारलं, काटा किती आहे? धाकटा म्हणाला, एकतीस. एकतीस, आणि तू परत घेतोस? तुझी रेघ चाळिसावर आहे, मला शिकवू नकोस. तो म्हणाला, “पट्टी उचललीय, दादा.”

मी खिडकीतून पाहिलं. खांब दगड मारला तर लागेल इतक्या जवळ होता. माझ्या दुकानातली केशरी पट्टी आडवी ताणून धरल्यासारखी ताठ होती. अंगाला वारा लागत नव्हता, पाळणा हलत नव्हता, काहीच नव्हतं, नुसती ती पट्टी. मी म्हटलं, पट्टी घाल चुलीत. आत्या आहे आत. आत्या.

मग तो म्हणाला, “कोण आहे ते माहितीये मला.”

आणि पाळणा खाली निघाला.

मी त्या फोनवर काय बोललो ते गड्यानं ऐकलं, बायकोनं ऐकलं, पाच-सहा परक्यांनी ऐकलं. त्यातलं एक मला आठवतं. मी म्हटलं, तुला भाऊ म्हणायची मला लाज वाटते. हे मी बोललो.

मागून आत्या हाका मारत होती. “मोठ्या. अरे मोठ्या, इकडे बघ.” वळलो तर ती काचेला नाक लावून बसलेली. खांबाच्या पायाशी, खडकात, तांबूस काहीतरी दिसत होतं. “कडी आहे ती. माझी कडी. अजून आहे.” गंजून पातळ झाली होती. पाळणा खाली सरकत होता तशी ती मान वळवून बघत राहिली, कडी दिसेनाशी होईपर्यंत. मग सरळ बसली, पदराने काचेवरची वाफ पुसली आणि म्हणाली, “माझं आणि त्या खांबाचं काहीतरी आहे बघ. पुढे म्हणून सोडत नाही.”

आम्ही दुसऱ्या खांबाशी होतो तेव्हा वारा आला. आधी दोर वाजला, मोठी तार छेडल्यासारखा. मग पाळणा एका बाजूला गेला आणि माझ्या बायकोनं बाकाची कड धरली. मी तिच्या बोटांकडे पाहिलं. मग तिकडे पाहिलं नाही.

खाली उतरलो तेव्हा काटा अठ्ठावन्नावर होता. वर गेलेलो असतो तर त्या वेळेला तिसऱ्याच्या पुढे, बरोबर दरीवर असतो, हे मलाही दिसत होतं. धाकट्याला विचारायची गरज नव्हती आणि मी विचारलंही नाही. रांगेत उभा असलेला एक जण शेजाऱ्याला सांगत होता की या माणसानं घरच्या म्हातारीलाही परत आणली, कसलं काळीज. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. मला वाटलं होतं की मी त्याला हो म्हणीन. मी म्हटलं, तो माझा भाऊ आहे. त्याच्याबद्दल बोलायचं असेल तर आधी माझ्याशी बोल. तो माणूस रांग सोडून चहा प्यायला गेला.

आत्या तोवर सरळ धाकट्याच्या खोलीत शिरली होती. तिथं मी सोडून बाहेरच्या कुणाला जायची परवानगी नाही. तो उभा राहिला. त्याचा चेहरा मी दारातून पाहिला, बारा वर्षांपूर्वी तीन दिवस पाहिला होता तोच. त्याला वाटलं असेल, आता ही रडणार. आत्यानं त्याचा कान धरला, पन्नाशीला आलेल्या माणसाचा, आणि म्हणाली, “लहानपणी मी दिवसभर ओरडायची, धाकट्या, थांब. एकदा थांबला नाहीस. तेव्हाच तुझं सगळं थांबणं उरकून टाकलं असतंस तर?”

तो हसला. मग काचेकडे तोंड करून दुर्बीण पुसत बसला, बराच वेळ. आत्यानं त्या दुर्बिणीतून पट्टी पाहिली, कडी काही सापडली नाही. मग घड्याळ बघून आम्ही निघालो. टॅक्सी बरोबर दहाला आली. ती बसताना मी चप्पल पाहिली. तळ अजून कोऱ्यासारखा होता.

आता ऐका. दुपारी दोनला वारा पडला. असा पडला की जणू कधी नव्हताच. आभाळ धुऊन काढल्यासारखं झालं. मी दुकानात एका जीपची सीट घेऊन बसलो होतो आणि समोर डोंगरावर पाळणे वर-खाली, वर-खाली. ज्यांना डबे माहीत नाहीत, कडी माहीत नाही, अशी माणसं पाळणे भरून वर जात होती. एक गिऱ्हाईक आलं, ते नुकतंच वर जाऊन आलेलं. म्हणालं, आज काय दिसलं म्हणून सांगू, समुद्राची रेघ अगदी स्वच्छ. मी त्याला म्हटलं, तुमची सीट उद्या मिळेल, आज सुई मोडलीय. सुई मोडली नव्हती. आत्या त्या वेळी विमानतळावर बसली होती. मला कुणाला तरी झोडपावंसं वाटत होतं आणि झोडपायला कुणी नव्हतं. वाऱ्याला काय झोडपणार?

पाचला ड्यूटी सुटल्यावर धाकटा आला. सायकल लावली, आत येऊन स्टुलावर बसला. मी जीपच्या सीटला टाके घालत राहिलो. मग त्यानं खिशातून पट्टी काढून टेबलावर ठेवली. सकाळच्या वाऱ्यानं तिच्या चिंध्या झाल्या होत्या, अर्धी तर उडूनच गेली होती. म्हणाला, नवी पाहिजे. उद्या सकाळच्या आधी बांधायचीय.

मी केशरी रोल काढला, टेबलावर पसरला. कात्री उचलली. मनात होतं ते तोंडातून निघालंच. म्हटलं, “या वेळी थोडी रुंद देतो. जड होईल. उगाच उचलणार नाही.”

तो माझ्याकडे पाहत राहिला. रागानं नाही. म्हणाला, “तेवढीच दे, दादा.”

फोनवर बोललेलं ते वाक्य मला तेव्हा परत घ्यायचं होतं. मला ती सवय नाही. मी फाटक्या पट्टीचा उरलेला तुकडा नव्या रेक्झिनवर ठेवला, खडूनं कडेकडेनं रेघ मारली आणि कापली. चार बोटं. एक दोराही जास्त नाही. मग दोन्ही टोकांना दुमड घालून मशीनवर दुहेरी शिलाई मारली, बाकांना मारतो तशी, टाके बारीक.